फिल्टरच्या अलीकडे, फिल्टरच्या पलीकडे

काका, मी कोल्हापूरचा. वय २४. उद्यमनगरात लेथवर काम करतो. गेल्या दिवाळीत सेकंडहँड स्विफ्ट घेतली, पेट्रोल, २०१९ ची, ६८ हजार किलोमीटर झालेली. शहरात चांगली पळते, पण कोकणातून परत येताना करूळ घाटात दम टाकते. त्यात एसी चालू आणि पाच माणसं असली की विचारूच नका. एका दुकानदाराने कोल्ड एअर इनटेकचं, म्हणजे इंजिनाला थंड हवा पुरवणाऱ्या फिल्टर-नळीचं, कीट सुचवलंय, बसवून १४ हजार. दोस्त म्हणतो, पैसे घालवू नकोस, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा), पाईप आणि क्लिपा आणून साडेतीन हजारांत आपणच बनवू. विकत घेऊ की बनवू? अ‍ॅव्हरेज वाढेल का? आणि आवाज चांगला येईल ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उद्या सकाळी कामावर जायच्या आधी, इंजिन थंड असताना, बोनेट उघड. फिल्टरचा काळा डबा दिसेल. त्यातून एक जाड नळी थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे पाय दाबू तशी हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेकडे जाते, ती सध्या राहू दे. दुसरी नळी डब्यातून पुढच्या बाजूला निघते. तिच्यावर बोट ठेवून शेवटापर्यंत जा. तिचं तोंड पुढच्या जाळीच्या मागे किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी सापडेल. म्हणजे इंजिनाच्या धगीपासून बाजूला, बाहेरची हवा येते तिथे. तू ज्याचे १४ हजार द्यायला निघालायस ते काम कंपनीने बऱ्याच अंशी आधीच करून ठेवलंय. उरलेलं किती आणि ते करण्यासारखं आहे का, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

थंड हवेमागचं शास्त्र खरं आहे. हवा तापली की पसरते, मग तेवढ्याच जागेत कमी मावते. साधारण तीन अंशांना एक टक्का धर. ५० अंशांऐवजी ३५ अंशांची हवा मिळाली, तर सिलिंडरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास जास्त हवा शिरते, आणि त्या मापात पेट्रोलही जास्त जळतं. तुझं इंजिन ११९७ सीसीचं. सहा हजार आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेतीन टाक्या दर मिनिटाला रिकाम्या होतायत असं समज. एवढी हवा कुठून येते आणि कशी येते याला महत्त्व आहेच.

पण हिशेब शेवटपर्यंत कर. तुझ्या गाडीची ताकद ८३ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). आत जाणारी हवा दहा अंशांनी थंड केलीस, तर हवा तीन टक्के वाढेल आणि ताकद त्याहून थोडी कमीच. दीड-दोन पीएस हातात येतील, तेही फक्त पाय तळाला टेकलेला असताना. एरवी शंभरातल्या नव्वद वेळा आपण अर्ध्या पायावर गाडी चालवतो, आणि तेव्हा थ्रॉटलची पाकळीच हवा अडवून उभी असते. तिच्या मागे हवा थंड असो की गरम, पाय थोडा जास्त-कमी दाबला की इंजिनाला हवं ते मिळतं. म्हणूनच अ‍ॅव्हरेजचं उत्तर आत्ताच देऊन टाकतो: वाढणार नाही. पेट्रोल गाडीत इनटेक बदलून अ‍ॅव्हरेज वाढतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. अ‍ॅव्हरेज हवं असेल तर टायरची हवा आठवड्याला तपास.

आता घाट. आजार तिथला आहे, म्हणून औषधाआधी तो बघू. तुझ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, जास्तीत जास्त ११३ न्यूटन मीटर आहे आणि तो मिळतो ४२०० आरपीएमला. पाच माणसं आणि एसी घेऊन तू करूळ घाट तिसऱ्या गिअरला, दोन हजारांवर चढत असशील, तर इंजिनाकडे द्यायला काही नसतंच. सेकंडला टाक, काटा चार हजारांवर राहू दे, इंजिन ओरडलं तरी घाबरू नकोस, त्याची रचनाच तशी आहे. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरव, गाडी मेल्यावर नाही. शिवाय वर जाऊ तशी हवा विरळ होते, शंभर मीटरला जवळजवळ एक टक्का. कोकणच्या सपाटीवरून गगनबावड्याला पोहोचेपर्यंत पाच-सहा टक्के हवा वाटेतच गेलेली असते. दीड-दोन पीएसच्या कीटने ती भरून निघत नाही.

आणि गाडी सेकंडहँड आहे. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून आत बघितलंस का? मिरजेला माझं गॅरेज होतं तेव्हा ‘पिकअप नाही’ म्हणून आलेल्या किती गाड्यांच्या डब्यात मी उंदराचं घरटं बघितलंय, कापूस, शेंगांची टरफलं, सीटच्या फोमचे तुकडे. तुझ्या डब्यात तसं नसलं तरी फिल्टर उन्हाकडे धरून बघ. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर दुखणं सापडलं. कंपनीचा नवा कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो. त्याचबरोबर प्लग बघ, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन बघ. आणि गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरव, ब्रेक घासत असेल तर तिथेच कळेल. हे सगळं नीट असेल तरच पुढचं वाच.

पुढचं म्हणजे मोजणं. तू लेथवर काम करतोस, व्हर्नियर न लावता तू जॉब काढत नाहीस. मग गाडीतच अंदाजाने का चालायचं?

दोन गोष्टी मोज. पहिली उष्णता. फ्रीजमध्ये ठेवतात तो लांब वायरीचा डिजिटल थर्मामीटर दीड-दोनशे रुपयांत मिळतो. त्याचं टोक हवेच्या नळीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला चिकटपट्टीने बसव, वायर बोनेटच्या फटीतून काचेपर्यंत आण. बाहेरचं तापमान लिहून ठेव आणि दुपारी चालव. मी हे माझ्या स्वतःच्या गाडीवर केलं होतं, मे महिन्यात, सांगली-मिरज रस्त्यावर. बाहेर ३८ अंश होते. कंपनीच्या नळीच्या तोंडाशी चालत्या गाडीत ४० दाखवलं, सिग्नलला उभा राहिल्यावर ४७. मग त्याच ठिकाणी, त्याच वेळी, दुसऱ्या दिवशी उघडा कोन फिल्टर लावून बघितलं, दुकानात मांडतात तसा, चकचकीत पाईपच्या टोकाला, इंजिनाच्या कप्प्यात. चालत्या गाडीत ४९ आणि रेल्वेच्या फाटकाला थांबलो तेव्हा ६४. पैसे देऊन मी थंड हवेचा इनटेक काढला होता आणि गरम हवेचा बसवला होता. बसवल्यावर गाडी जास्त ओढते असं मला अगदी मनापासून वाटलं होतं, कारण आवाज वाढला होता. थर्मामीटर लावला नसता तर अजून तसंच वाटत राहिलं असतं.

दुसरी गोष्ट अडथळा, म्हणजे फिल्टर आणि नळी मिळून हवा किती अडवतात. याला गवंड्याची लेव्हल काढायची पारदर्शक नळी पुरते. पुरेशी लांब घे, इंग्रजी यू आकारात एका फळीवर पक्की बांध, मध्यापर्यंत रंगवलेलं पाणी भर. एक टोक मोकळं. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या नळीला जोडायचं. तिथे इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून येणारी ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) बारीक नळी असते, तिच्यात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून नळी जोडता येते. नळीचे दोन्ही पाय कमीत कमी मीटरभर उंच ठेव, म्हणजे पाणी चुकूनही इंजिनाकडे ओढलं जाणार नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, सेकंड गिअरला, पाय तळाला टेकवून काटा साडेपाच हजारांपर्यंत जाऊ दे. गाडी तू चालवायची, नळी दोस्ताने बघायची. दोन्ही पायांतल्या पाण्यात किती सेंटीमीटरचा फरक पडला तो आकडा लिही. २० सेंटीमीटर पाणी म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन टक्के. आता डब्यातला फिल्टर बाहेर काढून, डबा परत बंद करून, एकदाच आणि स्वच्छ रस्त्यावर तेवढीच धाव घे. फरक जवळजवळ तितकाच राहिला, तर फिल्टर निर्दोष आहे आणि अडथळा नळीत किंवा तिच्या तोंडाशी आहे. फरक एकदम उतरला, तर फिल्टर भरलाय किंवा लहान पडतोय. चाचणी झाली की फिल्टर लगेच परत बसव, तसाच घरी जाऊ नकोस.

हे दोन आकडे हातात आले की दुकानदार काय म्हणतो आणि दोस्त काय म्हणतो याची गरज उरत नाही. तोंडाशी हवा बाहेरच्याहून तीन-चार अंशच गरम असेल आणि पाण्याचा फरक दहा-बारा सेंटीमीटरच असेल, तर बोनेट बंद कर. कमवण्यासारखं तिथे काही नाही. १४ हजारांत चांगले टायर येतात, आणि ओल्या घाटात त्यांचा उपयोग दोन पीएसपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आकडे वाईट आले, किंवा आकडे बरे असूनही हाताला खाज सुटलीच असेल (तुझं वय आणि धंदा बघता सुटणारच, आणि त्यात काही गैर नाही), तर आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. विकत की घरी?

माझं उत्तर फिल्टरवर अवलंबून आहे. फिल्टरच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला जे आहे ते बिनधास्त स्वतः बनव. फिल्टर आणि त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला जे आहे ते एक तर कंपनीचं राहू दे, नाहीतर ज्याने तुझ्याच मॉडेलवर बसवून तपासलंय त्याच्याकडून विकत घे. अलीकडे चूक झाली तर फार तर फायदा होणार नाही. पलीकडची चूक मात्र थेट पिस्टनपर्यंत जाते. तुझ्या दोस्ताचं साडेतीन हजारांचं काम जवळजवळ सगळं पलीकडचं आहे, म्हणून मी त्याला नको म्हणतोय. बनवण्याला माझा विरोध नाही.

पलीकडे काय काय असतं ते बघ. पहिली धूळ. तू राहतोस कुठे? उद्यमनगर, तिकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडे फाउंड्र्या. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका, आणि सिलिका पिस्टनच्या रिंगपेक्षा कठीण. त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागची माती आणि हंगामात गुऱ्हाळांची राख. अशा हवेत फिल्टरच्या कडेतून केसाएवढी फट राहिली तरी सिलिंडर हळूहळू घासत जातो, आणि ते कळतं तेव्हा इंजिन ऑइल खायला लागलेलं असतं. कंपनीच्या डब्याची कड, तिच्यातली रबरी पट्टी आणि चार क्लिपा दिसायला साध्या आहेत, पण तशी हवाबंद कड हाताने बनवणं फार अवघड. मी चांगल्या फॅब्रिकेटरला दोनदा करताना बघितलंय, दोन्ही वेळा कोपऱ्यात फट राहिली. कोन फिल्टर घेतलास तर तो नावाजलेला घे, आणि कापसाचा धुण्याचा असेल तर त्याला तेल मापातच दे. कमी पडलं तर धूळ सुटते, जास्त झालं तर ते उडून पुढच्या सेन्सरवर बसतं. स्कूटरचा फिल्टर कापून किंवा फोम गुंडाळून काम भागवू नकोस.

कुठलाही फिल्टर लावलास तरी एक परीक्षा घे. फिल्टरच्या पलीकडची नळी आतून स्वच्छ पुसून तिच्या भिंतीला व्हॅसलिनचा पातळ हात दे. पाचशे किलोमीटरनंतर पांढऱ्या फडक्याने पूस. फडकं पांढरं राहिलं तर ठीक. त्याच्यावर तांबडी-करडी रेघ उमटली तर तेवढी माती इंजिनात गेली आहे, त्याच दिवशी फिल्टर बदल.

दुसरा सेन्सर. फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या नळीत किंवा डब्याच्या झाकणात सेन्सर आहे का आणि त्याला किती वायरी आहेत ते मोज. दोन वायरी असतील तर तो फक्त तापमान बघतो, भानगड कमी. चार-पाच असतील तर बहुतेक हवा मोजणारा सेन्सर आहे, आणि तो नळीच्या व्यासावर हिशेब करतो. ६० मिलिमीटरच्या जागी तू ७० ची नळी घातलीस, तर क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं, हवा संथ वाहते, सेन्सरला वाटतं हवा कमी आली आणि पेट्रोल कमी सोडलं जातं. कॉम्प्युटर काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो, मग चेक लाईट लागतो. मोठा पाईप म्हणजे जास्त ताकद हे गणित इथे चालत नाही. तुझ्या इंजिनाला ६० ची नळी पुरते. सहा हजारांवर तिच्यातून हवा सेकंदाला वीसेक मीटरने जाते, फार नाही.

तिसरी ती ब्रीदरची नळी, जिच्यात टी टाकायला मी सांगितलं. घरगुती कामात ती हमखास लोंबकळत राहते किंवा तिच्या तोंडाला छोटा फिल्टर अडकवून देतात. तिला पलीकडच्या नळीत, मूळ जागीच परत जोडायचं असतं. चौथा लेथवरचा कीस. अ‍ॅल्युमिनियमचा पाईप कापलास, सेन्सरसाठी भोक पाडलंस, आणि आत बारीक कीस चिकटून राहिला, तर पहिल्या स्टार्टला तो सिलिंडरमध्ये जाईल. तुला हे सांगायची गरज नसावी, पण घाईत असलेला माणूस वाऱ्याने उडवतो आणि झालं म्हणतो. साबणाच्या पाण्याने, ब्रशने, दोनदा धुवायचं. पीव्हीसीचा पाईप तर वापरूच नकोस. सत्तर-ऐंशी अंशांना तो मऊ पडायला लागतो, आणि बोनेटखाली उन्हाळ्यात, घाट चढून आल्यावर गाडी बंद केलीस की तेवढी धग काही ठिकाणी सहज होते. शिवाय इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं. मधे रबराचा किंवा सिलिकॉनचा लवचिक तुकडा नसला तर नळी सुटते नाहीतर थ्रॉटल बॉडीला ओढत राहते.

एवढं सगळं निस्तरलेलं कीट असेल, म्हणजे तुझ्याच मॉडेलसाठी, बंद डब्यासकट, सेन्सरची बैठक मूळ व्यासाची, ब्रीदरचा जोड जागच्या जागी, तर १४ हजार ही त्या तपासणीची किंमत आहे आणि ती देण्यात शहाणपण आहे. पण खोक्यावर ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेलं असेल, तर ते कीट नव्हेच, सुटे भाग आहेत. बसवताना कापाकापी तुलाच करायची आहे आणि वर पैसेही द्यायचे आहेत. दुकानदाराला एकच विचार: डबा बंद आहे की फिल्टर उघडा? उघडा म्हणाला तर उठून ये.

आता अलीकडची बाजू. इथे तुझा हात दुकानापेक्षा सरस आहे.

हवेच्या नळीचं तोंड बघ. पाईप सरळ कापून ठेवला की हवा कडेवरून आत वळताना भिंतीपासून सुटते आणि व्यास ६० चा असला तरी वापरात कमी येतो. तोंडाला आतून गोलावा दिला, सनईच्या टोकासारखा, तर आत शिरतानाचा अडथळा जवळजवळ संपतो. कंपनीच्या नळीला थोडा गोलावा असतो, पण साच्याच्या सोयीने दिलेला. तू नायलॉनचा १०० मिलिमीटरचा रॉड घे, ६० चं बोअर काढ, तोंडाला १५ ची त्रिज्या दे. मागच्या टोकाला बाहेरून दीड मिलिमीटरचा कंगोरा ठेव, म्हणजे क्लिप आवळल्यावर रबर सरकणार नाही. एक तासाचं काम आहे. बाजारात याच्यासारखा तुकडा शोधायला गेलास तर मिळायचा नाही, मिळाला तर नको ते पैसे सांगतील. धार मोडायला विसरू नकोस, आणि शेवटी पॉलिश पेपर मार.

मग त्या तोंडापासून कंपनीच्या डब्यापर्यंत वळणं कमी करणारी नळी. आणि डबा ज्या बाजूने इंजिनाकडे बघतो तिथे दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा एक आडोसा, वरच्या कडेला रबरी बीडिंग, बोनेट बंद झालं की त्याला टेकेल असं. पुठ्ठ्याचा साचा आधी काप, पत्रा नंतर. बॅटरी शेजारीच असेल तर तिच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर झाकण आहे याची खात्री करून मगच पत्रा आत ने. एका पाना-स्क्रूच्या निसटण्याने तिथे जाळ होतो. सगळं मूळ बोल्टच्या जागांवर बसव. गाडीच्या बॉडीला एकही नवं भोक नको.

नळीचं तोंड कंपनीने ठेवलंय त्याहून खाली नेऊ नकोस, एक इंचही नाही. थंड हवा बंपरमध्ये खाली मिळते हे खरं, आणि म्हणून काही कीटमध्ये फिल्टर थेट तिथे लोंबतो. पण तू पंचगंगेच्या काठचा आहेस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा गेला. महापुराचं सोड, पावसाळ्यात एखाद्या खोलगट रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबायला तासाभराची सर पुरते. तुझ्या इंजिनाचा एक सिलिंडर ३०० सीसीचा, आणि पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा ३० सीसीच्या आसपास. दोन मोठे चमचे पाणी. त्याहून जास्त पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, पिस्टन जागीच अडतो आणि मागून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड फिरतं चाक, ढकलत राहतं. २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडे एक गाडी ओढून आणली होती, फिल्टर बंपरमध्ये बसवलेली. इंजिन खोललं तर तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, पिस्टनला धरणारा दांडा, धनुष्यासारखा वाकलेला. मालक माझ्या शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही, नुसता त्या रॉडवरून बोट फिरवत राहिला. विम्याचे पैसे त्याला मिळाले नाहीत. पाणी शिरून इंजिन अडकलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. त्याने घेतली नव्हती. तू ती घे, इनटेक बदल नाहीतर बदलू नकोस. आणि तू बनवलेल्या नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाच मिलिमीटरचं एक भोक ठेव, पावसाचे शिंतोडे तिथून गळून जातील. अलीकडच्या बाजूला आहे, चालतं.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फिल्टर बदलणं ही देखभाल झाली. डबा, नळ्या, सेन्सर हलवून सगळी मांडणीच बदललीस तर तो वाद तुझ्या अंगावर येऊ शकतो, आरटीओपेक्षाही जास्त विमा कंपनीकडून, अपघाताच्या वेळी. बदल करणार असशील तर विमा कंपनीला लेखी कळव. आणि मूळ भाग कापू नकोस, विकू नकोस. प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेव, अर्ध्या तासात परत बसवता आले पाहिजेत.

खर्च सांगू का? नायलॉनचा तुकडा, पत्रा, बीडिंग, दोन चांगल्या क्लिपा, नवा कागदी फिल्टर, सगळं मिळून दीड-दोन हजारांत बसतं, मजुरी तुझीच. बनवून झालं की तोच थर्मामीटर आणि तीच पाण्याची नळी पुन्हा लाव, त्याच रस्त्यावर, त्याच दुपारच्या वेळी. सिग्नलला तापमान पाच-सात अंशांनी उतरलं आणि पाण्याचा फरक दोन-तीन सेंटीमीटरने कमी झाला, तर काम जमलं. उतरलं नाही तर तोंडाची जागा बदलून बघ. वहीत दोन्ही वेळचे आकडे शेजारी-शेजारी लिहून मला पाठव, मला ते खरोखर बघायचे आहेत.

राहिला आवाज. तो येईल, आणि चांगला येईल. कंपनीच्या नळीला वाटेत एक बंद डबा लटकलेला असतो, कुठेच न जाणारा. बिनकामाचा म्हणून लोक तो कापून टाकतात, पण तो हवेची गुणगुण शोषण्यासाठीच ठेवलेला असतो. तुझ्या नव्या नळीत तो नसेल, म्हणून तीन हजारांच्या वर पाय दाबलास की बोनेटखालून एक भरीव, खर्जातला सूर येईल. उघड्या कोन फिल्टरचा फुस्कारा वेगळा, हा वेगळा. करूळ घाटात सेकंडला, चार हजारांवर, काचा खाली करून ऐक. घरच्यांना त्रास वाटला तर तो डबा माळ्यावर आहेच, टी टाकून परत जोडता येतो.